हायड्रा ते कोंबडीचं हृदय: पेशी कोण व्हायचं ते कुठे ठरतं, आमच्या प्रोजेक्टच्या नोंदी

१४ नोव्हेंबर

टॉपिक शेवटी फायनल झाला. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, आम्ही दोघी मिळून करतोय, विषय पेशींचं विशेषीकरण आणि त्यातून ऊती, अवयव कसे उभे राहतात. मॅडम म्हणाल्या विषय मोठा आहे, नुसतं वाचून पानं भरू नका, काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. म्हणून दोन प्राणी घेतलेत, हायड्रा, म्हणजे गोड्या पाण्यातला नळीसारखा इवलासा प्राणी, आणि कोंबडीचं भ्रूण. हायड्रा अशासाठी की त्याच्यात पेशींचे थर दोनच, अवयव म्हणावेत असं जवळपास काहीच नाही, पण पेशींचे प्रकार मात्र आहेत, आणि मुख्य म्हणजे 'कोण व्हायचं' हे ठरवायचं काम त्याच्या अंगात रोज चालू असतं. कोंबडीत तेच काम अंड्याच्या आत २१ दिवसांत होतं आणि कवचाला खिडकी पाडली की अवयव बनताना दिसतात.

शाळेपासून आपण एकच तक्ता बघत आलोय, अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती, प्रत्येकीखाली एक चित्र आणि दोन ओळी. तक्ता बरोबरच आहे पण तो बघून असं वाटतं की पेशी जन्मतःच नाव लावून येतात. खरा प्रश्न त्या तक्त्याच्या आधीचा आहे. सगळ्या पेशी एकाच फलित अंड्यापासून झाल्या, जवळजवळ सगळ्यांत डीएनए तोच, मग एक यकृतात का गेली आणि एक डोळ्यात का, आणि गेली ती तिथेच तशीच का राहते? आम्हाला ह्याच्याच मागे लागायचंय.

१८ नोव्हेंबर

हडपसरच्या पुढे एका नर्सरीत कमळाच्या टाक्या आहेत, मालकांना विचारून तिथलं पाणी आणि पाणवनस्पती बरण्यांमधे भरून आणल्या. आणल्याआणल्या हायड्रा दिसत नाही, धक्का लागला की आकसून टाचणीच्या डोक्याहून लहान होतो. बरणी खिडकीत ठेवायची, अजिबात हलवायची नाही आणि दुसऱ्या दिवशी उजेडाकडच्या काचेवर बघायचं, तिकडे सरकत येतात.

नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीनने मरतात आणि तांब्याचा अंश तर त्यांना जराही सोसत नाही, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरमधे कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट वगैरे मोजून घालून त्यांचं पाणी वेगळं बनवतो. खायला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीतला इवला जीव, त्याची अंडी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून ठेवली की साधारण दिवसाभरात केशरी ठिपक्यांसारखी पिल्लं पोहायला लागतात, ती नीट धुवून घ्यायची कारण खारं पाणी हायड्राला चालत नाही. १८ ते २० डिग्री लागते आणि ती सध्या फुकटात मिळतेय, थंडी यंदा वेळेवर आलीये.

लॅबमधले मामा म्हणाले आघारकरमधे हायड्रावर केवढं काम झालंय, तुम्ही अजून आता सुरू करताय होय! खरंय ते. लॉ कॉलेज रोडजवळच्या आघारकर इन्स्टिट्यूटमधे बरीच वर्षं हायड्रावर काम झालंय आणि शास्त्रीय लेखांत इथल्या हायड्राचं नावच हायड्रा व्हल्गारिस इंड-पुणे असं येतं. आपल्या गावाचं नाव एखाद्या प्रयोगशाळेतल्या प्राण्याला लागलंय ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

२२ नोव्हेंबर

आज नुसतं खाताना बघितलं. आर्टेमियाचं पिल्लू पोहता पोहता एका शुंडकाला, म्हणजे तोंडाभोवतीच्या हातासारख्या लांब धाग्याला, टेकलं आणि तिथल्या तिथे चिकटलं, दोन-चार झटके दिले, मग थंड. शुंडकं हळूहळू आत वळली, तोंड उघडलं, पिल्लू आत गेलं आणि ते केशरी शरीर हायड्राच्या पारदर्शक भिंतीतून आतमधे स्पष्ट दिसत होतं. हे सगळं दंशपेशींचं काम. प्रत्येक दंशपेशीत एक कुपी, त्यात गुंडाळलेला पोकळ दोरा, आणि तो सुटायला लागणारा वेळ मोजलाय, सुरुवातीचा झटका साधारण ७०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. प्राण्यांच्या जगातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक आहे.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. दंशपेशी एकदाच वापरता येते, कुपी सुटली की ती पेशी संपली. म्हणजे प्रत्येक जेवणानंतर नवीन दंशपेशी लागणार. आणि त्या शुंडकात बनतच नाहीत! बनतात खाली धडात, तिथून प्रवास करून वर येतात आणि शुंडकात आपापल्या जागी बसतात.

२७ नोव्हेंबर

आजचा दिवस फार भारी गेला. हायड्रा पूर्ण सुटा केला. रीत जुनी आहे, ग्लिसरीन एक भाग, ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड एक भाग आणि पाणी तेरा भाग, त्यात हायड्रा थोडा वेळ ठेवायचा, ट्यूबला बोटाने टिचक्या मारायच्या, प्राणी विरघळल्यासारखा होतो पण पेशी फुटत नाहीत, एकेक सुटी होते आणि तिचा आकार तसाच राहतो. थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली, त्यात न रंगवलेल्या पेशीही दिसतात.

सगळ्यात आधी दिसतात त्या मोठ्या पेशी, वरचा भाग घनगोलसर आणि तळाशी दोन्ही बाजूंना लांबच लांब पाय काढलेले. हे पाय म्हणजे स्नायूचे धागे. एकच पेशी वरून कातडी आणि खालून स्नायू. बाहेरच्या थरातल्या पेशींचे पाय उभे, आतल्या थरातल्यांचे आडवे गोल, म्हणून बाहेरचे आकसले की हायड्रा आखूड होतो आणि आतले आकसले की लांब बारीक. आपल्या तक्त्यात अभिस्तर आणि स्नायू हे दोन वेगळे रकाने आहेत, इथे ते एकाच पेशीत नांदतायत. मला वाटतं विशेषीकरण समजून घ्यायला सुरुवात इथून करायला हवी. आपल्याकडे कामाची वाटणी पूर्ण झालीये, हायड्रात अर्धीच झालीये, आणि अर्धी वाटणी डोळ्यांसमोर असली की पूर्ण वाटणी म्हणजे काय ते जास्त नीट कळतं.

मग लहान गोल पेशी, केंद्रक मोठं, बाकी पेशीत फारसं काही नाही, एकट्या नाहीतर जोडीने. ह्या त्यांच्या मूलपेशी, आय-सेल म्हणतात. ह्यांच्यापासून दंशपेशी, चेतापेशी, ग्रंथीपेशी आणि बीजपेशीसुद्धा होतात. त्यांच्या बाजूला सारख्या दिसणाऱ्या पेशींचे पुंजके होते, चारचे, आठचे, एक तर सोळाचा होता, पार्टनरने दोनदा मोजला. हे पुंजके म्हणजे दंशपेशी व्हायला निघालेल्या आय-सेल्स, एकमेकींना चिकटून बरोबर विभागतात म्हणून संख्या दुप्पट दुप्पट, आणि विभागणं थांबलं की सगळ्या एकदमच कुपी बनवायला घेतात. पुंजक्याच्या आत बारीक चकचकीत कुप्या तयार होत असलेल्या दिसत होत्या. चेतापेशी शोधायला वेळ लागला, अंग इवलंसं आणि धागे इतके बारीक की फोकस जरा हलला की गायब.

शेवटी नुसत्या शुंडकांची स्लाइड केली. तिथे आय-सेल जवळपास नाहीतच, पुंजके नाहीत, पण एकेका मोठ्या पेशीत दहा-वीस दंशपेशी खोचून बसवलेल्या. धडाची स्लाइड आणि शुंडकाची स्लाइड शेजारी ठेवली तर वाटणार नाही की हा एकच प्राणी आहे.

१ डिसेंबर

आता ह्या मोठ्या पेशींचं कोडं. धडातल्या ह्या पेशी साधारण तीन-चार दिवसांनी विभागतात, आय-सेल तर दिवसाभरात. म्हणजे पेशी सतत वाढतायत, पण हायड्रा तेवढाच. जादाच्या जातात कुठे? काही कळ्यांमधे, म्हणजे पोट भरलेल्या हायड्राच्या अंगावर बाजूला जी पिल्लं फुटतात त्यांच्यात. बाकीच्या वर किंवा खाली ढकलल्या जातात. वर ढकलली गेलेली पेशी शुंडकाच्या मुळाशी पोचली की विभागणं बंद करते आणि दंशपेशी सांभाळणारी पेशी होते, पुढे टोकाला जाऊन गळून पडते. खाली गेलेली पायाच्या चकतीवर पोचली की चिकट स्राव करायला लागते, मग तीही गळते. असं करत साधारण तीन आठवड्यांत अंगातल्या बहुतेक पेशी बदललेल्या असतात.

मला ह्यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्या पेशीला आधीपासून काही ठरवून दिलेलं नव्हतं. वर गेली म्हणून शुंडकाची झाली, खाली गेली असती तर पायाची झाली असती. आणि हे चेतापेशींनाही लागू आहे, १९८० च्या दशकात हान्स बोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की धडातली चेतापेशी सरकत सरकत डोक्याकडे आली की ती कोणतं पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) बनवते तेसुद्धा बदलतं. चेतापेशी म्हटलं की आपल्याला वाटतं आता हिचं कायमचं ठरलं, तर तसं नाही.

आणि हे हायड्रापुरतं नाही. आपल्या लहान आतड्यात रोज हेच चालतं. खड्ड्यांच्या तळाशी मूलपेशी, त्यांच्यापासून झालेल्या पेशी वर सरकतात, सरकता सरकता काही अन्न शोषणाऱ्या होतात काही श्लेष्म बनवणाऱ्या, आणि चार-पाच दिवसांत विलायच्या, म्हणजे आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या, टोकाला पोचून गळतात. २००९ मधे हान्स क्लेव्हर्स ह्यांच्या लॅबने उंदराच्या आतड्यातली एकच मूलपेशी जेलमधे वाढवली तर तिच्यापासून खड्डे आणि विलाय असलेला आतड्याचा इवला तुकडा तयार झाला, आसपास दुसऱ्या कुठल्या ऊतीचा आधार नसताना. ह्या दोन गोष्टी अभ्यासक्रमात एकाच पानावर असायला हव्यात असं माझं ठाम मत झालंय.

४ डिसेंबर

कापाकापी. आदल्या दिवशी उपाशी ठेवलेले हायड्रा, सर्जिकल ब्लेड, स्टिरिओ मायक्रोस्कोप. बरोबर मधून कापले, वरचे अर्धे एका डिशमधे, खालचे अर्धे दुसऱ्या. जखम काही तासांतच बंद झाली.

हा प्रयोग जगातल्या पहिल्या खऱ्या जीवशास्त्रीय प्रयोगांपैकी एक आहे. १७४० मधे अब्राहम ट्रेम्ब्ले नावाचा माणूस हॉलंडमधे एका सरदाराच्या मुलांना शिकवायला होता, त्याला तळ्यात हायड्रा सापडला, वनस्पती की प्राणी हे कळेना म्हणून त्याने कापून बघितला. दोन्ही तुकड्यांचे पूर्ण हायड्रा झाले. शिकवणी घेणाऱ्या माणसाने मुलांना बरोबर घेऊन केलेलं काम हे, १७४४ मधे त्याचं पुस्तक आलं आणि युरोपभर लोक हायड्रा कापत बसले.

६ डिसेंबर

खालच्या अर्ध्यांना वरच्या टोकाला बारीक उंचवटे आलेत, एकाला चार, बाकीच्यांना अजून पुसट. वरच्या अर्ध्यांचे पाय तर आधीच चिकटायला लागलेत. एकाही तुकड्याला उलटं डोकं आलेलं नाही, वरचं टोक वरच राहिलं. म्हणजे त्या तुकड्यातल्या पेशींना आपली वरची बाजू कोणती हे माहीत होतं.

७ डिसेंबर

नवीन डोकी आर्टेमिया पकडतायत.

मॅडमनी विचारलं, हे नवीन डोकं नवीन पेशी बनवून आलं का? आम्ही दोघींनी हो म्हणायच्या आतच त्या म्हणाल्या वाचून या. वाचलं. पेशी विभाजन रेडिएशनने किंवा औषधाने थांबवलं तरी हायड्राला डोकं येतं. कापलेल्या टोकाला ज्या धडाच्या पेशी होत्या त्याच आता टोकाला आल्या म्हणून डोक्याच्या झाल्या. आणि अजून पुढचं म्हणजे कोल्चिसिन नावाचं औषध देऊन आय-सेल्स काढून टाकल्या तर काही दिवसांनी चेतापेशीच नसलेला हायड्रा तयार होतो, त्याला स्वतःला खाता येत नाही, हाताने भरवावं लागतं, पण कापला तर तोही डोकं परत बनवतो. म्हणजे आकार कसा हवा हे चेतासंस्था सांगत नाहीये, त्या साध्या कातडी-स्नायूवाल्या पेशी आपापसात ठरवतायत.

१० डिसेंबर

आज कलम केलं. एका हायड्राच्या तोंडाभोवतीचा उंचवटा, शुंडकं काढून, तेवढाच तुकडा घेतला आणि दुसऱ्या हायड्राच्या धडाला चीर देऊन त्यात खोचला. निसटतो फार, चीर लहान हवी आणि नंतर डिशला कुणी हात लावायचा नाही, मामांनी टेबलावर पाटीच लावली.

हा प्रयोग पहिल्यांदा एथेल ब्राऊन हिने केला, १९०९ मधे पेपर आला. तिने वेगवेगळ्या रंगाचे हायड्रा वापरले त्यामुळे नंतर कळत होतं कुणाच्या पेशी कुठे आहेत, आणि उत्तर असं आलं की जे नवीन डोकं आणि धड बाजूला फुटलं ते बहुतेक यजमानाच्या पेशींचं होतं. तोंडाच्या तुकड्याने शेजारच्या पेशींना कामाला लावलं होतं. १५ वर्षांनी, १९२४ मधे, स्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड ह्यांनी न्यूटच्या (पालीसारखा दिसणारा उभयचर) भ्रूणात हीच गोष्ट दाखवली, भ्रूणाच्या एका ठराविक जागेचा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला तर तिथे दुसरं भ्रूण उभं राहिलं, मज्जारज्जूसकट. स्पेमानना १९३५ चं नोबेल मिळालं. हिल्डे मॅन्गोल्ड पेपर आला त्याच वर्षी भाजून गेली, पंचविशीतच होती. आमच्या सिलॅबसमधे स्पेमान आहे, मॅन्गोल्ड जोडीला आहे, एथेल ब्राऊनचं नाव कुठेच नाही. आमच्या रिपोर्टमधे ते पहिल्या पानावर असणार.

१३ डिसेंबर

कलम लागलेल्या काहींना बाजूने दुसरं डोकं आलंय, शुंडकांसकट. डोक्याच्या जवळ लावलेली कलमं नुसती विरून गेली, पायाकडे लावलेली जास्त धरली. ह्याचं कारण असं की असलेलं डोकं आसपास दुसरं डोकं होऊ देत नाही आणि जसजसं लांब जावं तसा तो अटकाव कमी होतो. एक गोष्ट स्वतःला वाढवणारी आणि जवळच्या जवळ राहणारी, दुसरी तिला अडवणारी आणि लांबवर पसरणारी, एवढ्या दोनच गोष्टींतून नक्षी आपोआप उभी राहू शकते हे गिअरर आणि माइनहार्ट ह्यांनी १९७२ मधे गणिताने मांडलं, हायड्रा समोर ठेवूनच. त्याच्या आधी १९५२ मधे अ‍ॅलन ट्युरिंगने, हो तोच कॉम्प्युटरवाला, पसरणाऱ्या रसायनांतून नक्षी कशी येते ते लिहून ठेवलं होतं. डोक्याच्या टोकाला डब्ल्यूएनटी नावाचे सिग्नल असतात हे २००० साली कळलं, आणि तेच डब्ल्यूएनटी आपल्या आतड्यातल्या मूलपेशींना मूलपेशी ठेवतात.

१९ डिसेंबर

लायब्ररी. मुख्य प्रश्न, एकदा ठरलेलं परत बदलतं का. जॉन गर्डन, १९६२, बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातलं आणि काहींचे पूर्ण प्राणी झाले, म्हणजे आतड्याची पेशी झाली म्हणून बाकीची जनुकं पुसली गेलेली नव्हती, फक्त बंद होती. १९८७ मधे मायो-डी नावाचं एकच जनुक संयोजी ऊतीतल्या पेशींमधे चालू केलं तर त्या स्नायू व्हायला लागल्या. २००६ मधे यामानाका ह्यांनी चार जनुकं वापरून उंदराच्या साध्या पेशींना परत मूलपेशींसारखं केलं, गर्डन आणि यामानाका दोघांना मिळून २०१२ चं नोबेल.

अपवादही आहेत, आपल्या लाल रक्तपेशी केंद्रकच टाकून देतात, त्यांना परतीचा रस्ता नाही, साधारण १२० दिवस काम करतात आणि संपतात.

२ जानेवारी

फलित अंडी आली. दुकानातली नेहमीची अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. परवानगीचे कागद मॅडमनी आधीच करून घेतलेत. अंडं घातलं जातं तेव्हाच आत हजारो पेशींची चकती झालेली असते, मग थंड झालं की वाढ थांबते, म्हणून १५ डिग्रीच्या आसपास काही दिवस ठेवता येतात आणि ३८ डिग्रीला ठेवली की सगळी एकदम पुढे चालू लागतात. इनक्युबेटरमधे आडवी ठेवली, म्हणजे भ्रूण तरंगून वरच्या बाजूला येतं.

३ जानेवारी

पहिली बॅच, दीड दिवस झालेली. बोथट टोकाकडून सिरिंजने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा म्हणजे भ्रूण कवचापासून खाली जातं, मग वरून कात्रीने खिडकी. भ्रूणाखाली पातळ केलेली काळी इंडिया इंक सोडली की पारदर्शक भ्रूण काळ्यावर पांढरं उठून दिसतं.

मधे चेतानलिका, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी, दोन्ही बाजूंना सोमाइट्सचे चौकोनी ठोकळे. साधारण दर दीड तासाला एक नवीन जोडी बनते, घड्याळ लावून बसलो तर खरंच आली. ह्याच ठोकळ्यांमधून मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू होणार, आणि पुन्हा तेच, कोणती पेशी मणका होणार ते ती पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्ड, चेतानलिकेखालचा आधाराचा दांडा) किती जवळ आहे ह्याच्यावर.

आणि मग हृदय. एक वाकडी नळी, ती फडफडत होती. सलग ठोके नाहीत, थोडं थांबून, परत, परत. रक्त अजून वाहायला लागलेलं नाही, एकही चेतातंतू तिथे पोचलेला नाही, झडपा नाहीत, कप्पे नाहीत, आणि ठोका सुरू. पार्टनर आणि मी बराच वेळ एकमेकींशी बोललोच नाही, आळीपाळीने आयपीसला डोळा लावत राहिलो.

हे हृदय दोन बाजूंनी बनतं. डावीकडे एक पट्टा, उजवीकडे एक, दोन्ही मधे येऊन जुळतात. त्यांना जुळू दिलं नाही तर दोन्ही बाजूंना एकेक नळी होते आणि दोन्ही धडधडतात. आणि हृदयाच्या पेशी सुट्या करून डिशमधे ठेवल्या तर प्रत्येक आपापल्या तालात आकसते, दोघी टेकल्या की एका तालात येतात, ढोलपथकात नवीन वादक शेजारच्याचं ऐकून ठेका पकडतो तसं. मला अवयव म्हणजे काय ते आज पहिल्यांदा नीट कळल्यासारखं वाटतंय. पेशीला आकसता येतं हे तिचं विशेषीकरण झालं, पण रक्त पुढे ढकलायला लागतात एका तालात आणि एका दिशेने आकसणाऱ्या पेशी, आणि ते त्यांच्या एकत्र येण्यातून, चिकटण्यातून येतं.

चिकटण्याबद्दल इथेच लिहून ठेवते. १९५५ मधे टाउन्स आणि होल्टफ्रेटर ह्यांनी उभयचरांच्या भ्रूणातल्या पेशी सुट्या करून मिसळल्या, तर कातडीच्या कातडीजवळ बाहेर गेल्या आणि बाकीच्या आत आपापल्या जागी. स्पंजच्या पेशी कापडातून गाळल्या तरी परत जुळतात हे विल्सनने १९०७ मधेच दाखवलं होतं. नंतर ताकेइची ह्यांनी कॅडहेरिन शोधले, पेशींच्या पृष्ठभागावर असलेले, एकाच जातीचे एकमेकांना धरणारे रेणू.

५ जानेवारी

गुरुवार, दुपारी लाईट गेली. मामांनी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमधे गुंडाळून इनक्युबेटरमधे ठेवल्या आणि दार कुणाला उघडू दिलं नाही. बॅच शाबूत.

७ जानेवारी

तीन दिवसांच्या वरची भ्रूणं. डोळा ठळक झालाय. मेंदूचा फुगवटा बाहेर येऊन कातडीला आतून टेकतो आणि तिथली कातडी जाड होऊन आत वळते, तिचं भिंग होतं. स्पेमाननी १९०१ मधे बेडकात तो फुगवटा नष्ट केला तर भिंग झालंच नाही. भिंगाच्या पेशी पुढे क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांनी भरतात, केंद्रक टाकून देतात, आणि माणसात ह्यातल्या सगळ्यात आतल्या पेशी जन्माआधीच्या असतात, त्या शेवटपर्यंत बदलत नाहीत. हायड्राच्या अगदी उलट टोक.

बाजूला पंख आणि पायाचे फुगवटे दिसायला लागलेत. दोन्ही आत्ता सारखेच दिसतात.

१६ जानेवारी

रिपोर्ट लिहितेय आणि एका प्रयोगावर अडकलेय कारण तो सगळं एकत्र आणतो. १९५७ मधे सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या पायाच्या फुगवट्यातला, पुढे मांडी होणारा तुकडा काढून पंखाच्या टोकाशी लावला. त्याची मांडी झाली नाही आणि पंखही झाला नाही, पायाची बोटं झाली, नखांसकट! म्हणजे आपण पायाचे आहोत हे त्या पेशींना आधी कळलेलं होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही, पण पायातला कोणता भाग व्हायचं हे अजून उघडं होतं, ते नवीन जागेने ठरवलं. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग तुमच्या रिपोर्टमधे 'पेशी ठरवते' असं एकच वाक्य चालणार नाही, काय ठरलंय आणि काय उरलंय हे प्रत्येक टप्प्यावर लिहा. त्याप्रमाणे अख्खा तिसरा चॅप्टर परत मांडायला घेतलाय.

२१ जानेवारी

बोटांचा भाग राहिलाय. पाय आधी वल्ह्यासारखा सपाट असतो आणि बोटांच्या मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात, कोंबडीत साधारण सातव्या-आठव्या दिवशी. न्यूट्रल रेड नावाच्या रंगाने मरणाऱ्या पेशींचा भाग लाल उठतो, त्याची बॅच काल लावली. बदकात हे मरण बरंच कमी होतं, ग्रेमलिन नावाचं प्रथिन मधे आड येतं म्हणून पडदा राहतो, तेव्हा शेजारी शेजारी ठेवायला बदकाचीही फलित अंडी हवीत. मुळशीकडे एकांकडे मिळतील असं मामा म्हणतायत. बदकाला उबवायला २८ दिवस लागतात म्हणजे पायाचा तोच टप्पा उशिरा येणार, त्या हिशोबाने बदकाची अंडी आधी लावायची आणि कोंबडीची नंतर. पुढच्या शनिवारी सकाळी गाडीवर जाऊन आणतोय, थर्माकोलचा बॉक्स तयार आहे.